दफ्तरातून खारीज झालेली माणसे

१९४५ च्या ऑगस्टात जपानने शरणागती पत्करली त्या वेळी त्या देशाचे सैनिक आणि मुलकी प्रजाजन मिळून साठ लाखांहून अधिक माणसे समुद्रापलीकडे, कोरिया, मांचुरिया, चीन, तैवान, साखालिन आणि दक्षिणेकडील बेटांवर अडकून पडली होती. त्यांना परत आणण्यासाठी जी बंदरे मुक्रर झाली त्यांपैकी हाकाता आणि सासेबो येथे सर्वाधिक गर्दी लोटली. परंतु सर्वांत दीर्घकाळ हे काम चालले ते क्योतो प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरील माइझुरु बंदरात. १९४५ च्या ऑक्टोबरपासून १९५८ च्या सप्टेंबरपर्यंत तेथे सुमारे ६ लाख ६० हजार माणसे आणि १६ हजार मृतांच्या अस्थी उतरल्या. शेवटचे जहाज आले, सामुदायिक परतीचे काम बंद झाले, आणि जपानी निर्वासितांचा इतिहास तेथे संपला असे बहुतेकांनी मानले. वस्तुतः त्याचा सर्वांत बिकट भाग तेथून पुढेच सुरू होतो. कारण ज्या राज्याने माणसांना परमुलखात धाडले ते राज्य ‘यांना आम्ही धाडले’ असे कबूल करीत नाही तोपर्यंत त्या माणसांचे परतणे पुरे होत नाही.

हे धाडणे कसे घडले ते आधी पाहिले पाहिजे. १९३१ च्या सप्टेंबरात मुकदेनजवळ स्वतःच घडवून आणलेल्या स्फोटाचे निमित्त करून जपानच्या क्वांतुंग सेनेने मांचुरिया गिळंकृत केला आणि पुढील मार्चमध्ये तेथे ‘मांचुकुओ’ नावाचे अंकित राज्य उभे केले. १९३६ साली हिरोता कोकी यांच्या मंत्रिमंडळाने वीस वर्षांत दहा लाख कुटुंबे, म्हणजे पन्नास लाख माणसे, मांचुरियात वसवण्याची योजना राष्ट्रीय धोरण म्हणून मंजूर केली. जागतिक मंदीत रेशमाचे भाव कोसळून ज्या डोंगराळ नागानो प्रांतातील शेतकरी कर्जात रुतले होते, त्या एका प्रांतातूनच सुमारे ३३ हजार माणसे गेली. ओहिनाता या गावाने तर आपली अर्धी वस्ती उचलून मांचुरियात नेली आणि साऱ्या देशापुढे ते आदर्श म्हणून मिरवले गेले. एकंदर गेलेल्या वसाहतकऱ्यांची संख्या सुमारे २ लाख ७० हजार. पडीत जमीन लागवडीखाली आणणारे शूर म्हणून त्यांची स्तुती होत असे; प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आलेली पुष्कळशी जमीन चिनी आणि कोरियन शेतकऱ्यांनी आधीच कसलेली, आणि वसाहत कंपनीने नाममात्र किमतीत, सैन्याच्या धाकाखाली, त्यांच्याकडून काढून घेतलेली होती. कालचे मालक आज त्याच शेतात मजूर म्हणून राबत होते. परतणाऱ्यांच्या न्यायाचा विचार करताना ही गोष्ट एक क्षणही दृष्टीआड करता येत नाही, आणि या विषयाचा खरा पेचही तोच आहे.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सोव्हिएत सेना सरहद्द ओलांडून आत शिरली तेव्हा वसाहतींतील धडधाकट पुरुष आधीच सैन्यात भरती करून नेलेले होते, आणि ज्या क्वांतुंग सेनेच्या भरवशावर ही गावे सरहद्दीजवळ वसवली होती ती सेना दक्षिणेकडे सरकली होती. मागे राहिल्या त्या स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे. त्यांनी शेकडो मैल पायी तुडवले. कित्येक वसाहतींनी सामुदायिक आत्महत्या केल्या. त्या वर्षीच्या हिवाळ्यात उपासमारीने आणि साथींनी उरलेल्यांतील हजारो गेले. सुमारे ८० हजार वसाहतकरी मृत्युमुखी पडले. शरणागतीच्या आदल्या दिवशीच, १४ ऑगस्टला, तोक्योच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना तार करून कळवले होते की, मुलकी जपानी लोकांनी शक्यतो आहेत तेथेच स्थायिक व्हावे. ज्या राज्याने त्यांना नेले त्याने त्यांना तेथेच सोडले, ही गोष्ट पुढे न्यायालयात पुनःपुन्हा मांडली गेली. मरणोन्मुख आयांनी आपली मुले चिनी कुटुंबांच्या पदरात घातली, आणि ज्यांच्या जमिनी हिरावून घेतल्या गेल्या होत्या अशांपैकीच काहींनी ती मुले आपली म्हणून वाढवली.

१९४६ च्या मे महिन्यापासून हुलुदाओ बंदरातून परतीची जहाजे सुटू लागली आणि दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक लोक त्या वाटेने मायदेशी आले. प्रत्येक मुलकी माणसाला बरोबर एक हजार येन आणण्याची परवानगी होती. बाकीची मालमत्ता गेली ती गेलीच. हाकाताजवळ फुत्सुकाइची येथे एक गुप्त रुग्णालय उघडावे लागले, कारण परतणाऱ्यांत बलात्कारामुळे गरोदर राहिलेल्या स्त्रिया होत्या आणि गर्भपात तेव्हाच्या कायद्याने गुन्हा होता. राज्याला हे ठाऊक होते, तरी कागदावर त्याचा उल्लेख नको होता. मायदेशातील जनता स्वतःच अर्धपोटी होती, शहरे जळून गेली होती, आणि बाहेरून आलेले हे लाखो लोक रेशनातील वाटेकरी म्हणून तिला खुपत होते. ज्यांना गावी थारा मिळेना त्यांना पुन्हा एकदा ओसाड माळ फोडायला पाठवण्यात आले. ओहिनाताचे लोक असामा ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसले, तर परतलेल्यांपैकी इतर काही जण चिबा प्रांतातील सान्रिझुका येथे राजघराण्याच्या जुन्या कुरणावर स्थिरावले. याच सुमारास आपल्याकडे कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांचे तांडे उतरत होते आणि त्यातून १९४९ साली उल्हासनगर जन्माला आले. भारत सरकारने पुढे १९५४ साली निर्वासितांच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. तो कितीही अपुरा असला, तरी गमावलेल्या मालमत्तेच्या दाव्यांवर भरपाई मिळण्याचा हक्क त्याने मान्य केला. जपानमध्ये १९५७ आणि १९६७ साली परतलेल्यांना काही रकमा देण्यात आल्या खऱ्या, परंतु त्या मदत म्हणून, हक्क म्हणून नव्हे. आणि १९६८ च्या नोव्हेंबरात परदेशातील मालमत्तेच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, ते नुकसान म्हणजे समस्त राष्ट्राने सारखेच सोसावयाची युद्धाची झीज होय आणि राज्यघटनेने त्याची भरपाई अभिप्रेत धरलेली नाही. ‘सर्वांनी सारखे सोसावे’ हे वाक्य ऐकायला समतेचे असले, तरी ज्यांना राज्याने मुद्दाम सरहद्दीवर नेऊन बसवले त्यांच्या बाबतीत ते समतेचे नव्हते.

युद्धोत्तर न्याय म्हटला की भारतीय वाचकाला तोक्योचा खटला आणि त्यातील न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांचे भिन्न मतपत्र आठवते. १९४६ च्या मेपासून १९४८ च्या नोव्हेंबरपर्यंत चाललेल्या त्या खटल्यात ज्या सात जणांना फाशी झाली त्यांत हिरोता कोकी हे एकटेच मुलकी पुढारी होते. परंतु त्यांच्यावरील दोषारोप वेगळे होते, वसाहतीच्या योजनेबद्दल त्यांना कोणी जाब विचारला नाही. पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले, बहुमताने त्यांना दोषी ठरवले. या प्रचंड वादात विजेते आणि जित यांच्यामधला हिशेब झाला, पण राज्य आणि त्याने धाडलेली प्रजा यांच्यामधला, तसेच ती प्रजा आणि तिने बेदखल केलेले शेतकरी यांच्यामधला हिशेब त्या न्यायासनापुढे आलाच नाही. फाशीच्या दुसऱ्या दिवशी जे संशयित तुरुंगातून सुटले त्यांत मांचुकुओच्या औद्योगिक कारभाराचे एक सूत्रधार किशी नोबुसुके हे होते. १९५७ साली ते पंतप्रधान झाले.

किशी यांच्याच कारकिर्दीत हा इतिहास दफ्तरात शिरला. १९५३ पासून रेडक्रॉसच्या मध्यस्थीने चीनमधून सुमारे ३२ हजार जपानी परतले होते. १९५८ साली नागासाकीतील एका प्रदर्शनात चीनचा ध्वज खाली खेचला गेला आणि त्या प्रकरणावरून दोन्ही देशांतील व्यवहार तुटला. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, परत न आलेल्यांविषयी एक खास कायदा झाला. त्यानुसार ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्यांना, कुटुंबीयांच्या संमतीने, युद्धकालीन मृत म्हणून जाहीर करता येऊ लागले. जपानमध्ये माणसाचे नागरिकत्व, वारसा, विवाह हे सारे ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदीवर अवलंबून असते. त्या नोंदवहीतून एकदा नाव खारीज झाले की तो माणूस जिवंत असला तरी कायद्याच्या दृष्टीने उरत नाही. मांचुरियातील हेइलुंगजियांगच्या खेड्यांत चिनी नावे धारण करून वाढणारी कित्येक मुले मायदेशी अशा रीतीने कागदोपत्री मरण पावली. १३ वर्षांहून मोठ्या असलेल्या ज्या मुली आणि स्त्रिया जगण्यासाठी चिनी घरांत लग्न करून राहिल्या, त्या तर स्वेच्छेने राहिल्या असे ठरवून सरकारने त्यांना पुढे दीर्घकाळ अशा मागे राहिलेल्या मुलांना, म्हणजे सरकारी भाषेतील ‘अनाथां’ना, मिळणाऱ्या सवलतींतूनही वगळले.

ही माणसे पुन्हा शोधून काढण्याचे काम सरकारने नव्हे तर एका खेड्यातील भिक्षूने सुरू केले. नागानोतील आची गावच्या चोगाकुजी मंदिराचे यामामोतो जिशो १९४५ च्या मे महिन्यात, म्हणजे युद्ध संपायला तीन महिने उरले असताना, गावच्या तुकडीबरोबर शाळामास्तर म्हणून मांचुरियाला गेले; सायबेरियातील बंदिवास भोगून परतले तेव्हा पत्नी आणि मुली गेल्याचे त्यांना कळले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, अनाथांच्या शोधाआधी ते दुसऱ्याच एका कामात गुंतले होते: तेन्र्यू नदीवरील हिराओका धरणाच्या बांधकामावर वेठीने राबवल्या गेलेल्या आणि तेथेच मेलेल्या चिनी मजुरांच्या अस्थी गोळा करून त्या चीनला पोहोचवण्याच्या. दुसऱ्याचे मृत आधी परत करावेत आणि मग आपले जिवंत मागावेत, हा क्रम मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत न्याय्य विचार वाटतो. १९७२ च्या सप्टेंबरात तानाका काकुएइ आणि चौ एन-लाय यांनी संबंध पूर्ववत केल्यावर यामामोतो यांनी पत्रांमागून पत्रे जुळवून कुटुंबांचा शोध चालवला. पुढे त्यांची स्वतःची थोरली मुलगीही चीनमध्ये जिवंत सापडली.

१९८१ च्या मार्चमध्ये अखेर सरकारनेच ४७ अनाथांची पहिली तुकडी तोक्योला आणली. अंगावरचा व्रण, आईने दिलेले एखादे वस्त्र, अर्धवट आठवणारे गाव एवढ्या पुराव्यावर मध्यम वयाची माणसे दूरचित्रवाणीपुढे आपले आईबाप शोधू लागली आणि सारा देश गहिवरला. परंतु हा गहिवर कायद्यात उतरेना. पुढील काळात सरकारने एकंदर २,८१८ जणांना अनाथ म्हणून मान्यता दिली, आणि त्यांपैकी १,२८४ जणांचेच मूळ कुटुंब निश्चित झाले. ज्यांची ओळख पटली त्यांना कायमच्या परतीसाठी नातेवाइकांची हमी लागे, आणि वारशाच्या भीतीने किंवा खर्चाच्या चिंतेने पुष्कळ नातेवाईक ती देत नसत. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्यासाठी जामीन राहणाऱ्या परक्या नागरिकाची तरतूद १९८५ साली झाली. स्वतःच्या देशात शिरण्यासाठी नागरिकाने जामीन आणावा, हा विपर्यास १९९३ च्या सप्टेंबरात उघडा पडला. बारा वृद्ध स्त्रिया कोणाचीही हमी न घेता नारिता विमानतळावर येऊन उतरल्या आणि त्यांनी ती रात्र विमानतळावरच काढली. तो विमानतळ उभा आहे तो सान्रिझुकाच्या त्याच जमिनीवर, जी मांचुरियातून परतलेल्यांनी हातांनी फोडली होती आणि जी १९६६ च्या सरकारी निर्णयाने त्यांच्याकडून पुन्हा मागितली गेली. या स्त्रियांच्या धाडसानंतर, १९९४ साली, परतीला साह्य करणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे सांगणारा कायदा झाला.

परतलेल्यांचे पुढे काय झाले ते न्यायालयांच्या निकालपत्रांत नोंदलेले आहे. चार महिन्यांच्या भाषावर्गानंतर पन्नाशीतील माणसांना कारखान्यात ढकलले गेले; भाषा नीट आली नाही, निवृत्तिवेतनास लागणारी वर्षे भरली नाहीत आणि बहुतेकांच्या नशिबी सरकारी निर्वाहमदत आली. २००२ पासून देशातील पंधरा जिल्हा न्यायालयांत सुमारे २,२०० जणांनी सरकारविरुद्ध फिर्यादी गुदरल्या. ओसाकाने २००५ साली दावा फेटाळला. कोबे न्यायालयाने १ डिसेंबर २००६ रोजी ६५ पैकी ६१ वादींना मिळून सुमारे ४६ कोटी ८६ लाख येन देण्याचा हुकूम केला आणि सरकारने परतीला बेकायदा अडथळे घातल्याचे नमूद केले. तोक्योने पुन्हा दोनच महिन्यांत विरुद्ध निकाल दिला. एकाच वस्तुस्थितीवर न्यायासने अशी दुभंगलेली असताना वाद मिटवला तो शासनाने: पंतप्रधान आबे शिंझो यांनी वादींना भेटून नवी योजना करण्याचे आदेश दिले, आणि २००७ च्या नोव्हेंबरात कायदा दुरुस्त होऊन पूर्ण मूलभूत निवृत्तिवेतन व त्यावर निर्वाहभत्ता मिळू लागला. आबे हे किशी यांचे नातू. आजोबांच्या अमलात ज्यांची नावे खारीज झाली त्यांचे निर्वाहवेतन नातवाच्या अमलात ठरले.

आता उरतो स्मृतीचा प्रश्न, आणि तो पैशाहून अवघड आहे. गिफु प्रांतातील कुरोकावा वसाहतीने १९४५ साली सोव्हिएत सैनिकांचे संरक्षण मिळवण्यासाठी आपल्यातीलच पंधराएक तरुणींना त्यांच्या स्वाधीन केले होते. १९८२ साली गावाने त्यांच्या नावे मूर्ती उभारली, पण काय घडले ते सांगणारा फलक मात्र त्या स्त्रियांपैकी काही जणी उघडपणे बोलल्यानंतर, २०१८ साली लागला. हेइलुंगजियांगमधील फांगजेंग येथे १९६३ साली चौ एन-लाय यांच्या संमतीने जपानी मृतांची दफनभूमी झाली, कारण हे शेतकरीही जपानी लष्करशाहीचे बळी होत अशी चीन सरकारची भूमिका होती. परंतु २०११ साली तेथे वसाहतकऱ्यांच्या नावांची भिंत उभारताच तिच्यावर लाल रंग फेकला गेला आणि ती पाडावी लागली. त्या भिंतीवर चीड येणे मला अनैसर्गिक वाटत नाही; शेत कोणाचे होते हे तिच्यावर कोठेच लिहिलेले नव्हते. याउलट शेन्यांगच्या युद्धसंग्रहालयात परतलेल्या अनाथांनीच १९९९ साली आपल्या चिनी आईबापांचे स्मारक उभारले, आणि आची गावात २०१३ साली उघडलेल्या वसाहत-संग्रहालयात वसाहतकऱ्यांनी सोसलेले आणि त्यांनी इतरांना सोसायला लावलेले, दोन्ही एकाच छपराखाली मांडलेले आहे.

या दीर्घ प्रकरणावर माझे मत असे की, परतणाऱ्याला न्याय देणे आणि त्याच्या हातून घडलेला अन्याय सांगणे ही परस्परविरोधी कामे नाहीत. पहिले टाळणारे राज्य दुसरेही टाळते, कारण दोहोंच्या मुळाशी ‘आम्ही धाडले’ हीच एक कबुली आहे. ती आधी दिली असती तर नागरिकाकडे जामीन मागण्याची वेळ आली नसती. ज्याने धाडले त्यानेच जामीन राहावयाचे असते. जपानी राज्याला हे समजायला १९४५ पासून २००७ पर्यंत बासष्ट वर्षे लागली, आणि तोवर ज्यांच्यासाठी तो कायदा व्हावयाचा होता त्यांतील कित्येक जण हयात नव्हते.