वैद्यांची नोंदवही

दवाखान्यातील पाटीवरचा नोंदणी क्रमांक आपण क्वचितच वाचतो. त्यामागे मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १९१२च्या कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली, पण ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य-हकीम बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी १९३८ मध्ये वेगळा कायदा झाला. मग वडिलांकडून विद्या घेतलेल्या, पदवी नसलेल्या वैद्यांचे काय? आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी स्वतंत्र यादी ठेवली गेली. पुढच्यांना मात्र शिक्षणाची अट आली. १९७०च्या केंद्रीय कायद्याने देशभरासाठी शिक्षणाचे किमान निकष आणले. पुढे त्याची जागा २०२०च्या नव्या कायद्याने घेतली.

नोंदणीवरून कळते ती व्यक्तीची पात्रता. औषध गुणकारी आहे का, हे मात्र चाचण्यांनीच ठरते. वर्गात आपण हे दोन प्रश्न वेगळे ठेवूया.