भिडूला द्यावयाची साथ



आमच्या आंदर मावळांतून पुण्यास जावयाचें तर कान्हे स्टेशन गांठावें लागतें. लोकल गाडींत चार सोबती समोरासमोर बसले कीं मांडीवर रुमाल पसरून मेंढीकोटाचा डाव सुरू होतो. त्या खेळांत भिडूला डोळ्यानें खूण करणें ही लबाडी. ब्रिजमध्यें मात्र खूण करण्याची उघड मुभा आहे. अट एवढीच, कीं ती बोलीनेंच करावी आणि तिचा अर्थ प्रतिपक्षापासून लपवूं नये. अशाच एका खुणेची ही हकीकत.

पूर्वींच्या ऑक्शन ब्रिजमध्यें बोलीहून अधिक झालेले हातहि डावाच्या हिशोबांत धरीत. १९२५ सालीं हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थानें लॉस एंजेलीसहून हवानाकडे जाणाऱ्या ‘फिनलंड’ आगबोटीवर नवी गुणपद्धति चालू केली. जेवढें बोलाल तेवढेंच डावाच्या खात्यावर जमा! यांतूनच काँट्रॅक्ट ब्रिज रूढ झाला.

या हिशोबांत किलवर व चौकट हे कनिष्ठ रंग मागें पडले. बोलींत पहिले सहा हात गृहीत धरून वरचाच आंकडा सांगतात. शंभर गुणांचा डाव साधावयास इस्पिक वा बदाम हुकूम असतां दहा हात पुरतात, बिनहुकमींत नऊ. किलवर-चौकटीस मात्र अकरा लागतात. म्हणून भिडूनें ‘एक चौकट’ म्हटलें व आपल्याकडेहि चौकट भरपूर असली, तरी आधीं ‘तीन बिनहुकमी’ साधते काय, हें पाहणें शहाणपणाचें.

जुनी रीत सरळ होती. पानें हलकीं असलीं तर ‘दोन चौकट’, भारी असलीं तर ‘तीन चौकट’. पण तीनवर उडी मारली कीं पुढें विचारपूस करण्यास फारशी जागाच उरत नसे. १९५० नंतरच्या दशकांत एडगर कॅप्लन व आल्फ्रेड शाइनवोल्ड यांच्या पद्धतींत हा अर्थ उलटविला गेला. भारी पानांचा खेळाडू हळूच ‘दोन’ म्हणतो. भिडूनें तेथें थांबावयाचें नसतें. कोणत्या रंगाचें अडविणारें पान कोणाकडे आहे, हें दोघे सावकाश ताडून पाहतात. हलक्या पानांचा खेळाडू मात्र ‘तीन’ अशी आरोळी ठोकून प्रतिपक्षाची वाट अडवितो. मोठा आवाज दुबळ्याचा, मंद आवाज बलवानाचा!

ही रीत मीं पुस्तकांत वाचली आणि त्याच रात्रीं वापरली. माझा भिडू, एक जुना सहशिक्षक, याला ती सांगावयाची मात्र राहून गेली. मीं ‘दोन चौकट’ म्हटलें. त्यानें जुन्या अर्थानें ‘पास’ दिला. हात झाले अकरा, डावाच्या खात्यावर गुण पडले चाळीस. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, “मास्तर, शिकविल्यावांचून परीक्षा घेतलीत.”

उभा जन्म वर्गांत घालवून मला हें उमगूं नये! दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे कागद घेऊन बसलों व एकेका बोलीचा अर्थ लिहून काढला. आज खेळावयास बसतांना तो कागद आम्ही प्रथम प्रतिपक्षापुढें ठेवतों.