माफी देऊन झाली, न्याय राहिला

स्टीव्ह बिको तीस वर्षांचा होता. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या पोरांना तो सांगत होता, आधी मनातली गुलामी मोडा. ऑगस्ट १९७७ मध्ये पोलिसांनी त्याला धरलं. कोठडीत डोक्याला जबर मार बसला. मग नागडा, बेड्या घातलेला असा गाडीत टाकून हजारावर किलोमीटर लांब प्रिटोरियाला नेला. १२ सप्टेंबरला तो मेला. न्यायालयीन चौकशी झाली. निकाल काय? दोष कुणाचाच नाही.

१९९४ मध्ये वर्णभेदी राज्य गेलं, मंडेला आले. पण लष्कर, पोलीस आणि पैसा गोऱ्यांच्याच हातात होता. सत्ता सोडण्याच्या बोलणीतच त्यांनी माफीची तरतूद पदरात पाडून घेतली. १९९५ च्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमला, अध्यक्ष डेस्मंड टुटू. सौदा असा : राजकीय कारणासाठी केलेला गुन्हा पूर्ण खरा सांगा, माफी घ्या. जो सांगणार नाही त्याच्यावर खटला.

एकवीस हजारांवर माणसांनी आपल्यावरचा जुलूम नोंदवला. आयांनी भरसभेत पोरांचे मुडदे कुठे पुरले ते विचारलं. हे थोडं नव्हतं. आजवर खोटं ठरवलेलं त्यांचं दुःख सरकारदप्तरी लागलं.

पण बिकोच्या घरच्यांना माफीचा सौदा मान्य नव्हता. ते कोर्टात गेले, १९९६ मध्ये हरले. पुढे त्याच्या मारेकऱ्यांनीच माफी मागितली. म्हणाले, झटापटीत डोकं भिंतीवर आपटलं. आयोगाला ते खरं वाटलं नाही. १९९९ मध्ये माफी नाकारली. आता खटला व्हायला हवा होता. २००३ मध्ये सरकारी वकील म्हणाले, पुरावा अपुरा आहे.

माफीचे अर्ज आले ७,११२, मंजूर झाले ८४९. नाकारलेल्यांपैकी कोर्टात उभे राहिले ते बोटांवर मोजण्याइतके. आयोगाने पीडितांना सहा वर्षं दरसाल भरपाई सुचवली होती. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड हातावर ठेवले. आणि ज्या सुमारे ३५ लाख माणसांना वर्णभेदाने घरादारातून, जमिनीवरून हुसकलं, त्यांचा जुलूम आयोगाच्या व्याख्येत बसलाच नाही. खून मोजले, छळ मोजला, जमीन राहिली.

बिकोच्या मृत्यूची चौकशी २०२५ मध्ये पुन्हा उघडली. ४८ वर्षांनी.

म्हणून दोस्तांनो, 'झालं गेलं विसरा, समेट करा' असं म्हणत कुणी आला, तर त्याला बसवा आणि विचारा : खरं न सांगणाऱ्यावर खटला कधी? भरपाई किती? आणि जमीन कुणाच्या नावावर?