कपाटाची किल्ली खिळ्याला

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलण्यातलं बरंचसं तसंच ठेवलंय, चालवून घ्या.

विषय आमच्या घरातूनच आलाय. कन्नडजवळ आमचं गाव. मोठ्या काकांकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यातली बत्तीस बोअरची रिव्हॉल्वर आहे, रीतसर परवान्याची. निवडणूक लागली की काका ती कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करतात, पावती घेतात, निकालानंतर परत आणतात. एरवी ती लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला. मी आठ वर्षांचा असताना चुलतभावाने आणि मी ती किल्ली काढली होती. रिव्हॉल्वर हातात घेऊन आरशासमोर उभे राहिलो होतो. गोळ्या दुसरीकडे होत्या, एवढंच नशीब.

आता काकांनी सत्तरी ओलांडलीय. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भावाने कागद मला व्हॉट्सॲप केले. म्हणाला, "तू इंजिनिअर, फॉर्म तूच भर." त्या कागदांत एक हमीपत्र आहे, की शस्त्र मी सुरक्षित ठेवीन. भावाला चार वर्षांची मुलगी आहे. मला तो खिळा आठवला.

प्रश्न साधा आहे. बंदूक विकतानाच तिच्यासोबत कुलूप द्या, असं कायद्याने कधी कुणी सांगितलं का? अमेरिकेने सांगितलं. आपण वेगळ्या वाटेने गेलो, आणि त्या वाटेवर आपलं शहरही येतं.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात भारतीय शस्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. भारतीय माणसाला शस्त्रासाठी परवाना लागणार, युरोपियनाला मात्र सूट. म्हणजे कुलूप बंदुकीला नव्हतंच, माणसाला होतं.

असं कुलूप चुकवायला किती वेळ लागतो? १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं भारतात पाठवली, चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या ट्रंकेतल्या चोरकप्प्यातून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या अनंत कान्हेरे यांनी. ते शिकायला होते इथे, तेव्हाच्या औरंगाबादेत. १९ एप्रिल १९१० ला ठाण्यात त्यांना फाशी झाली. त्यांच्या धाडसावर आपण स्वतंत्र भाग करू. आज मुद्दा एवढाच, की सगळा पहारा दारावर असला तर ट्रंकेचा तळ पुरतो.

शस्त्रांचा हा अपमान लोकांना खुपत होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून. पण १९४८ च्या डिसेंबरमध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, हे त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पुढे १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. वंशाचा भेद त्यात नव्हता, पण सांगाडा जुनाच: अर्ज, चौकशी, परवाना, नोंदवही. तुम्ही कोण आहात हे सरकार नीट तपासतं. शस्त्र घरी पोचल्यावर काय, याचा पहारा ढिला. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिन कडक, आत डेटाबेस उघडा.

अमेरिकेत बरोबर उलट. तिथे बंदूक घेणं सोपं, मग घरातल्या पोरांच्या हाती ती लागू नये म्हणून वस्तूलाच कुलूप लावायचा आग्रह सुरू झाला. मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, कॅलिफोर्निया ही राज्यं पुढे होती. स्मिथ अँड वेसन कंपनीचा किस्सा तर ऐकाच. मार्च २००० मध्ये या कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला, त्यात कुलपाची अटही होती. बंदूकप्रेमी खवळले, बहिष्कार पडला. २००१ मध्ये कंपनी अवघ्या दीड कोटी डॉलरला विकली गेली. घेतली कुणी? बंदुकीची कुलपं बनवणाऱ्या सेफ-टी-हॅमर नावाच्या छोट्या कंपनीने! मग त्यांच्या रिव्हॉल्वरमध्येच कुलूप आलं, किल्लीसाठी बाजूला बारीक भोक. नाराज मंडळी त्याला अजून 'हिलरी होल' म्हणतात.

२००५ मध्ये बुश यांच्या सहीने देशभराचा कायदा झाला: परवानाधारक दुकानदाराने हँडगन विकताना कुलूप किंवा सुरक्षित साठवणीचं साधन दिलंच पाहिजे. मेख अशी, की ते वापरायची सक्ती गिऱ्हाइकावर नाही. शिवाय ज्या मोठ्या कायद्यात हे कलम बसवलं, त्याचं मुख्य काम बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून वाचवणं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन शहराचा, घरातली बंदूक सुटी किंवा कुलूपबंद ठेवायचा नियमही रद्द केला. कुलूप डब्यात मिळतं आणि डब्यातच राहू शकतं. बाइकसोबत हेल्मेट मिळतं, जालना रोडवर ते कुठे अडकवलेलं असतं ते तुम्ही बघताच.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा ३ वरून २ केली, आणि लग्नाच्या वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. चांगलंच झालं. पण कपाट? १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी लागली. ती कपाटात ठेवताना हातून निसटली, असं सांगण्यात आलं. म्हणजे कागद पूर्ण असलेल्या घरात हे झालं. (तारीख बघा, शस्त्र कायद्याचा वाढदिवस.)

मी भावाला फोन केला. फॉर्म भरतो म्हटलं, पण आधी केबल लॉक घे. जाड तार असते, रिव्हॉल्वरच्या नळीतून ओवून कुलूप लावायचं, मग चक्री बंदच होत नाही. हजार रुपयांचाही प्रश्न नाही. तो म्हणाला, "आण्णांना कोण सांगणार? पन्नास वर्षं खिळ्यालाच आहे किल्ली, काही झालंय का?" मी आरशाची गोष्ट काढली. तो गप्प बसला. ही गोष्ट आम्ही घरी कधीच सांगितली नव्हती.

रविवारी गावी जाऊन काकांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले, खिळ्याची किल्ली काढून बंडीच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "ती तार कुठं मिळती रे?"