गाझपाचोचा जमाखर्च

मे महिन्यात पाहुण्यांना काही परदेशी करून घालायचे ठरले, की माझे मत गाझपाचोला. स्पेनच्या अँदालुसियातले हे थंड सूप. गॅस पेटवायलाच नको! मूळ धनी तिथले शेतमजूर. शिळा पाव, लसूण, मीठ, ऑलिव्ह तेल नि व्हिनेगर खलात कुटायचे, पाणी ओतायचे, की झाले उन्हातले जेवण. पुढे १५२१ साली स्पेनने मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक राज्य घशात घातले. तिथला टोमॅटो युरोपात आला आणि कालांतराने गाझपाचो लाल झाले. टोमॅटो जमेला, खर्ची पडले एक अख्खे राज्य! आता हेच मजुरांचे जेवण मोठ्या हॉटेलांत काचेच्या पेल्यातून मिरवते. आमच्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याला मात्र अजून पेला मिळालेला नाही. तोवर बशीतच वाढू. पाहुणे तोही मागून घेतातच की!