न भरणारी जखम



बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असें आपल्याकडील म्हातारीं माणसें म्हणत आलीं आहेत. बाळंतिणीची खोली, शेकशेगडी, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, आणि सव्वा महिना तिनें घरच्या कामाला हात लावावयाचा नाहीं हा दंडक, हें सगळें या एका समजुतीवर उभें आहे. त्यांतील कोणता उपचार कितपत गुणकारी, हा वाद आज बाजूला ठेवूं. त्या सर्वांच्या मुळाशीं असलेली कल्पना मात्र खरी आहे. मूल जन्मलें म्हणजे बाळंतपण संपलें असें नव्हे. ताणलेलें, फाटलेलें, थकलेलें शरीर पुन्हां सांधावयाचें असतें, आणि त्याला अवधि लागतो.

परंतु अवघड बाळंतपणाची एक जखम अशी होती कीं, ती सव्वा महिन्यानें भरत नसे, वर्षानें भरत नसे, मरेपर्यंत भरत नसे. ती कशी भरूं लागली, याची हकीकत आज सांगावयाची आहे. विषय नाजूक आहे. पण तो कोणी बोलला नाहीं म्हणूनच असंख्य स्त्रियांनीं आपलीं आयुष्यें अंधाऱ्या खोलींत काढलीं. तेव्हां तो स्पष्ट बोललेला बरा.

बाळ अडतें म्हणजे काय होतें, हें प्रथम पाहूं. आईच्या कमरेचें हाडांचें कडें अरुंद असलें, किंवा बाळाचें डोकें वेडेंवांकडें उतरलें, तर तें वाटेंतच घट्ट बसतें. कळा तर थांबत नाहींत. एक दिवस, दोन दिवस, कधीं तीन दिवस तें डोकें आईच्या पुढच्या हाडावर दाबलें जातें, आणि त्या चिमट्यांत जननमार्गाची व मूत्राशयाची मऊ भिंत सांपडते. तिचा रक्तपुरवठा बंद पडतो. मूल बहुधा मेलेलें जन्मतें. आई वांचते, सुईण घरीं जाते, आणि पुढील कांहीं दिवसांत ती निर्जीव झालेली भिंत गळून पडते. मूत्राशय आणि जननमार्ग यांच्यामध्यें छिद्र राहतें. कधीं कधीं तें मागच्या बाजूस, गुदाशयाकडेहि पडतें. पाश्चात्त्य वैद्यकांत याला फिश्चुला म्हणतात.

त्या दिवसापासून लघवी बाईच्या ताब्यांत राहत नाहीं. उठतां-बसतां, जागेपणीं आणि झोपेंत ती थेंब थेंब गळतच राहते. अंथरूण ओलें, वस्त्र ओलें, कातडी सोलवटलेली, अंगाला वास. मूल गेल्याचें दुःख करावयालाहि तिला उसंत मिळत नाहीं. नवरा दूर होतो, माणसें टाळूं लागतात, आणि दोष मात्र तिच्याच कपाळीं येतो.

हें दुखणें किती जुनें असावें? इजिप्तमध्यें देर-अल-बहारी येथें हेनहेनित नांवाच्या एका राजघराण्यांतील स्त्रीचें जतन केलेलें शव सांपडलें. ती सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची. डेरी या शरीरशास्त्रज्ञानें १९३५ सालीं त्या शवाचें वर्णन प्रसिद्ध केलें. कमरेचें कडें अरुंद, आणि मूत्राशयांतून जननमार्गांत उघडणारें मोठें छिद्र. राजवाड्यांतील वैभव तिच्या कामीं आलें नव्हतें. पुढें इ. स. १०३७ मध्यें मरण पावलेल्या इब्न सिनानें आपल्या वैद्यकग्रंथांत सांगितलें कीं, फार लहान वयांत लग्न झालेल्या मुलींना गर्भधारणेपासून जपावें, कारण गर्भाच्या आकारानें मूत्राशय फाटतो, आणि तें दुखणें मरेपर्यंत बरें होत नाहीं. कारण बरोबर ओळखलें होतें. उपाय मात्र नव्हता. ॲम्स्टरडॅमच्या रूनहाउझे या शस्त्रवैद्यानें १६६३ सालीं छिद्राच्या कडा ताज्या करून त्या एकमेकींशीं जुळवण्याची रीत लिहून ठेवली. एखाददुसरें यशहि आलें. परंतु तो सर्वांना साधणारा उपाय झाला नाहीं.

कां झाला नाहीं? अडचणी तीन होत्या. एक, छिद्र आंत खोल असल्यामुळें तें डोळ्यांना नीट दिसत नसे. दुसरी, रेशमी दोऱ्याचे टांके पिकत. आणि तिसरी, जुळविलेल्या कडांवरून मूत्र सारखें वाहत असल्यामुळें जखमेला क्षणाचीहि स्वस्थता नसे. ज्या जखमेला स्वस्थता नाहीं, ती भरणार कशी?

या तीनही अडचणी ज्या ठिकाणीं सुटल्या, तें ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांतलें माँटगोमेरी हें गांव. साल १८४५. तेव्हां त्या भागांत गुलामगिरी चालू होती, आणि कापसाच्या मळ्यांवर निग्रो स्त्री-पुरुष मालकाची मालमत्ता म्हणून राबत होते. अनार्का ही तेथील सतरा वर्षांची मुलगी. तिचें पहिलें बाळंतपण तीन दिवस अडलें. जेम्स मॅरियन सिम्स या तरुण डॉक्टरास बोलावलें, आणि त्यानें चिमट्यानें मूल काढलें. थोड्याच दिवसांत तिच्या शरीरांत हीं छिद्रें पडल्याचें दिसून आलें. त्याच सुमारास बेट्सी आणि ल्यूसी या आणखी दोघी तशाच दुखण्याच्या त्याच्याकडे आल्या. हें असाध्य आहे, असें सांगून तो त्यांना परत पाठविणार होता.

इतक्यांत घोड्यावरून पडलेल्या एका बाईला तपासतांना त्यानें तिला गुडघ्यांवर व हातांवर ओणवें केलें. त्या स्थितींत हवा आंत शिरून जननमार्ग फुगतो व मोकळा होतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें लागलीच हाच प्रयोग बेट्सीवर केला. चमच्याचा दांडा वांकवून त्यानें भिंत बाजूला धरली, आणि आजवर कोणाला धड न दिसलेलें छिद्र त्याला स्वच्छ दिसलें. पहिली अडचण सुटली. मग त्यानें मालकांकडून या स्त्रिया आपल्याकडे ठेवून घेतल्या, आणि घरामागच्या अंगणांत त्यांच्यासाठीं छोटेंसें रुग्णालय उभारलें. आणखी कांहीं जणी तेथें होत्या. त्यांचीं नांवें त्यानें लिहून ठेवलीं नाहींत.

पहिली शस्त्रक्रिया ल्यूसीवर झाली. तासभर ती गुडघ्यांवर ओणवी होती आणि डझनभर डॉक्टर भोंवतीं पाहत होते. भूल देण्याची विद्या तोंवर निघाली नव्हती. मूत्र शोषून घ्यावें म्हणून सिम्सनें मूत्राशयांत स्पंजाचा तुकडा ठेवला. तो आंत चिकटून बसला, ल्यूसीला भयंकर ताप भरला आणि ती मरणाच्या दारांतून परत आली. सावरावयास तिला दोन-तीन महिने लागले. पुढें १८४६ च्या ऑक्टोबरांत बोस्टन येथें ईथरची भूल जाहीरपणें दाखविण्यांत आली. परंतु माँटगोमेरीच्या त्या अंगणांत ती पोंचली नाहीं. अनार्कावर एकूण तीस वेळां शस्त्र चाललें, तें भुलेवांचून. शस्त्रक्रियेनंतर अफू तेवढी मिळे.

आरंभीं उत्साहानें येणारे डॉक्टर कांहीं काळानें येईनासे झाले. तेव्हां हात द्यावयास कोण राहिलें? त्याच स्त्रिया. एक टेबलावर असतां दुसरीनें तिला धरावें, तिसरीनें उपकरण सांभाळावें, आणि पाळी आली म्हणजे आपण टेबलावर चढावें, असें चालू झालें. त्या स्वतःच शस्त्रक्रियेसाठीं उत्सुक होत्या, असें सिम्सनें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. असतीलहि. ज्यांनीं ती ओल भोगली आहे, त्या सुटकेसाठीं काय सोसणार नाहींत? परंतु जिला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार नाहीं, तिच्या होकाराला संमति म्हणतां येत नाहीं. शिवाय आपलें म्हणणें लिहून ठेवण्याची संधि त्यांना कधींच मिळाली नाहीं. आपल्याला जें कळतें, तें सर्व शस्त्र धरणाऱ्याच्या लेखणींतून.

टांक्यांचा प्रश्न सिम्सनें सोनाराकडून बारीक रुप्याची तार करवून घेऊन सोडविला. तार पिकत नसे. आणि तिसऱ्या अडचणीसाठीं त्यानें इंग्रजी एस अक्षरासारखी वांकविलेली एक नळी तयार केली. ती आपोआप जागेवर राही, आणि मूत्र सांचण्यापूर्वींच बाहेर वाहून नेई. १८४९ सालीं अनार्कावर तिसाव्या वेळीं शस्त्रक्रिया झाली. आठवड्यानें पाहिलें तों कडा सांधलेल्या, सूज नाहीं, पू नाहीं. पुढील कांहीं आठवड्यांत ल्यूसी आणि बेट्सी याहि बऱ्या झाल्या. १८५२ सालीं सिम्सनें ही रीत प्रसिद्ध केली. १८५५ सालीं न्यूयॉर्कांत केवळ स्त्रियांसाठीं रुग्णालय निघालें, आणि त्याची कीर्ति युरोपभर झाली.

सिम्सनें सगळें श्रेय रुप्याच्या तारेला दिलें. काळानें मात्र निवाडा वेगळा केला. आज हीच शस्त्रक्रिया विरघळणाऱ्या दोऱ्यानें करतात. तार मागें पडली, नळी राहिली. मूत्राशय दोन आठवडे सारखा रिकामा ठेवला, त्याला ताण दिला नाहीं, तर शिवलेल्या कडा धरतात. इतकेंच नव्हे, तर अडलेल्या बाळंतपणानंतर लगेच नळी घालून ती कांहीं आठवडे ठेवली, तर लहानसें छिद्र टांक्यावांचूनहि बुजतें, असा आजचा अनुभव आहे. म्हणजे शस्त्रवैद्य जखम भरीत नाहीं. तो कडा जुळवितो आणि त्या अवयवाला विसांवा मिळवून देतो. भरून काढण्याचें काम शरीरच करतें. आपल्या आज्यांनीं बाळंतिणीला जो विसांवा सांगितला, तोच या स्त्रियांच्या मूत्राशयाला मिळावा लागला.

या कथेचा पुढील भाग आफ्रिकेंत घडला. कैरो येथील नगीब महफूझ पाशा हे या शस्त्रक्रियेंत निष्णात होते. १९११ सालीं त्यांनीं एक अवघड बाळंतपण यशस्वी केलें, आणि कृतज्ञ आईबापांनीं मुलाला त्यांचेंच नांव ठेवलें. तो मुलगा म्हणजे १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारा कादंबरीकार नगीब महफूझ. या पाशांच्या अनुभवाचा लाभ हॅम्लिन पति-पत्नींना झाला. रेजिनाल्ड न्यूझीलंडचे, कॅथरिन ऑस्ट्रेलियाच्या. दोघें १९५९ सालीं इथिओपियांत आलीं, आणि १९७४ सालीं त्यांनीं आदीस अबाबा येथें या एकाच दुखण्यासाठीं विनामूल्य रुग्णालय उघडलें. तेथें येणाऱ्या कित्येक मुली अंथरुणांत पाय पोटाशीं घेऊन इतकी वर्षें पडून राहिलेल्या असत कीं, टांके घालण्याआधीं त्यांना पुन्हां उभें राहावयास शिकवावें लागे. अडलेल्या डोक्याच्या दाबानें पायाच्या मज्जाहि दुखावलेल्या असत. बरी झालेली बाई घरीं निघाली म्हणजे तिला नवें वस्त्र देण्याची तेथें प्रथा पडली. मामितू गाशे ही अशीच एक निरक्षर खेडूत मुलगी तेथें रुग्ण म्हणून आली, मदतनीस म्हणून राहिली, आणि शेवटीं स्वतः शस्त्रक्रिया करूं लागली. १९८९ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनें तिला सुवर्णपदक दिलें. माँटगोमेरीच्या अंगणांत उपकरण हातीं धरणाऱ्या स्त्रियांना जें मिळालें नाहीं, तें तिला मिळालें.

आपल्या देशालाहि हा प्रश्न परका नाहीं. इब्न सिनानें सांगितलेलें कारण, म्हणजे अपुऱ्या वाढीच्या शरीरावर आलेलें आईपण, आपल्या घराघरांत होतें. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं आई झाल्या, आणि त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें. त्या दुःखांतून त्या फिलाडेल्फियापर्यंत गेल्या, आणि १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदु लोकांतील प्रसूतिशास्त्र हा होता. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यानें ती मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून महाराष्ट्रांत केवढें रण माजलें, हें सर्वश्रुत आहे. त्या वादांत धर्म, परंपरा आणि सरकारचा अधिकार यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. कोवळ्या आईच्या शरीरावर त्या मानानें फारच थोडें.

न्यूयॉर्कांतील सिम्सचा १८९४ सालचा पुतळा २०१८ सालीं त्याच्या जागेवरून हलविण्यांत आला. २०२१ सालीं माँटगोमेरी येथें अनार्का, बेट्सी आणि ल्यूसी यांचे उंच धातूचे पुतळे उभे राहिले. सिम्सची विद्या आपण टाकून देऊं शकत नाहीं. तिनें अगणित स्त्रियांना पुन्हां माणसांत आणलें. पण ती विद्या कोणाच्या शरीरावर तयार झाली, हें सांगितल्यावांचून ती शिकवूं नये, इतकें तरी आपल्या हातीं आहे.

जेथें वेळेवर पोट चिरून मूल काढण्याची सोय आहे, तेथें आज हें छिद्र क्वचितच पडतें. जेथें ती सोय नाहीं, तेथें तें अजून पडतें, आणि म्हणून २०१३ पासून २३ मे हा दिवस संयुक्त राष्ट्रांनीं त्याच्या निवारणासाठीं राखून ठेवला आहे. परंतु अवघड बाळंतपणाच्या लहान इजा शहरांतील सुखवस्तु घरींहि होतात. टांके दुखत राहतात, खोकतांना-शिंकतांना लघवी सुटते, अंग बाहेर येतें. त्यांवर उपाय आहेत. कमरेच्या तळाचे स्नायु आवळण्याचा जो साधा व्यायाम अमेरिकन डॉक्टर केगेल यानें १९४८ सालीं मांडला, तो आजहि पुष्कळींना उपयोगीं पडतो. तरी बहुतेक जणी हें कोणाला सांगत नाहींत, कारण बाळंतपणानंतर असें चालायचेंच, असें त्यांनीं ऐकलेलें असतें. हेनहेनितच्या काळींहि असेंच कोणी म्हटलें असेल. आपल्या घरांत बाळंतीण असेल, तर बाळाचें वजन विचारतांना तिलाहि विचारा कीं, तुझी जखम भरली का? आणि ती काय सांगते, तें स्वस्थपणें ऐकून घ्या.