खानदेशातील हरित औद्योगिक विकास
पाणी, ऊर्जा व कच्चा माल यांचा काटकसरीने वापर करून आणि सांडपाणी, धूर व टाकाऊ पदार्थ यांचे नियंत्रण साधून होणारी उद्योगधंद्यांची वाढ. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तिला मुख्यतः पाण्याची टंचाई, कायदा, उत्पादनखर्च आणि औद्योगिक वसाहतींची रचना या घटकांनी वळण दिले.

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाची मागणी वाढली व त्याच सुमारास लोहमार्गही खानदेशात पोहोचला. त्यातून सरकी काढण्याचे कारखाने व कापडगिरण्या निघाल्या. १९४५ मध्ये अमळनेर येथे वनस्पती तुपाचा उद्योग सुरू झाला. पुढे त्यातूनच विप्रो कंपनी उदयास आली. सांडपाण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकणारी स्वतंत्र शासकीय यंत्रणा मात्र तेव्हा नव्हती.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये, तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. जलप्रदूषणविषयक (१९७४) व पर्यावरण संरक्षण (१९८६) हे केंद्रीय कायदे त्यानंतरचे होत. वसाहतीत भूखंड, रस्ते व पाणी एकत्र मिळते. परंतु लहान कारखान्यांना स्वतंत्र शुद्धीकरण यंत्रणा परवडत नाही. सामायिक यंत्रणेची गरज यातूनच निर्माण होते.

टंचाईतून उद्योग कसा वाढतो, याचे ठळक उदाहरण म्हणजे जळगावचा ठिबक सिंचन संचांचा व्यवसाय. भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांच्या उद्योगसमूहाने तो १९८० नंतरच्या दशकात उभारला. फळप्रक्रियेतील टाकाऊ भागापासून जैववायूही तेथे तयार होऊ लागला. तथापि उत्पादन हरित असले, तरी आर्थिक स्थैर्याची हमी मिळत नाही. २०१९ मध्ये ही कंपनी कर्जाच्या अडचणीत सापडली. तसेच ठिबकने वाचलेले पाणी वाढीव लागवडीकडे वळल्यास भूजलाला त्याचा लाभ होत नाही. रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यातील अतिरिक्त उपशामुळे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

ऊर्जेच्या क्षेत्रात भुसावळजवळील दीपनगर येथील कोळशावरील वीजकेंद्रामुळे राखेच्या विल्हेवाटीचा प्रश्न उद्भवला. विटा व सिमेंट यांसाठी अशा राखेचा वापर व्हावा, म्हणून केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तर साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. या प्रकल्पांना इंधन लागत नाही. मात्र सौर प्रकल्पांना विस्तृत जमीन लागते व तिचा शेती-चराईशी मेळ घालावा लागतो.

सारांश, कायद्याने किमान मर्यादा आखून दिली, तर काटकसरीच्या लाभाने उद्योगांना तिच्या पुढे नेले. पाण्यासारख्या सामायिक साधनाचे रक्षण मात्र एकेकट्या कारखान्याच्या हिशेबात बसत नाही. त्यासाठी वसाहत, शेतकरी व शासन यांची संयुक्त व्यवस्था आवश्यक ठरते.